पत्र्याच्या बोटीचं बारसं

कुठलीही वस्तू दिसली की तो आधी तिच्यावर बोटाच्या पेराने टकटक करायचा, डावा कान टेकवायचा आणि निकाल द्यायचा, "वाजतंय बराबर." माठ असो, दार असो, नाहीतर माझ्या शाळेची घंटा. घंटा वाजणारच, पण तीही त्याच्याकडून पास व्हावी लागे.

भिंगारला आमच्या शेजारच्या खोलीत राहणारा हा गडी मुंबईच्या गोदीत लढाऊ जहाजाच्या पत्र्यांना रिव्हेटचे खिळे ठोकून आला होता. ठोकून ठोकून उजवा कान गेला, डावा अर्धा उरला, तेव्हा गोदीने त्याला घरी धाडला. ते जहाज समुद्रातले सुरुंग काढणारं होतं. तो त्याला 'माजी पोरगी' म्हणायचा.

असा शेजारी तुम्हालाही भेटला असेल, मनाने लोणी आणि आवाजाने तोफ. तो कुजबुजला तरी छावणीतल्या गोऱ्या शिपायाने मान वळवावी. आणि नेमक्या अशा माणसाकडे एक गुपित होतं, जहाजाचं नाव. लढाई चालू होती, नाव सांगायची बंदी होती. विचारलं की ओठ गच्च मिटून गालात हसायचा.

त्याचा धाकटा भाऊ त्याच जहाजावर कोळसा घालायच्या कामावर लागला, तेव्हा त्याने गल्लीभर गूळ वाटला. पुढे भावाची खुशाली येईनाशी झाली आणि टकटकही थांबली. शेवटी मीच विचारलं.

"बाई, माज्याच हातनं चूक झाली," तो म्हणाला. "जहाज पान्यात सोडताना नाव ठेवत्यात. मी आदल्या दिशीच तिच्या पोटाला हात लावून नावानं हाक मारली. बारशाआदी नाव घेतलं. आता पोरीला न् माज्या भावाला काई झालं तर?"

एरवी असल्या बोलण्याला मी फटकारलं असतं. पण समोरचा माठ त्याने वाजवूनही पाहिला नव्हता. मी म्हटलं, "मग परत बारसं करू की. त्यात काय अवघड हाय?"

त्याने रॉकेलचा डबा कापून बोट केली. कुणी पाळणा आणला, कुणी घुगऱ्या शिजवल्या. "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" म्हणत बायकांनी बोट पाळण्याखालून-वरून फिरवली. आत्या म्हणून मला बसवलं. आत्याला नाव कळायलाच हवं. तो माझ्या कानाशी वाकला. आता सगळ्या भिंगारला कळणार.

"पाळणा म्हणा गं, जोरात," मी बायकांना म्हटलं.

बायकांनी असा सूर लावला की दारची म्हैस दावं तोडायला निघाली. त्या गलक्यात त्याने नाव सांगितलं. मला हसू आवरेना. मी ते पत्र्याच्या कानात सांगितलं, कुर्र केलं. त्याने बोटीवर टकटक केली. "वाजतंय बराबर." त्या दिवशी तो पोटभर जेवला. मी मात्र कायमची 'आत्याबाई' झाले. लढाई संपेपर्यंत मी नाव आमच्या ह्यांनाही सांगितलं नाही.

त्याला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. बोट माझ्याकडे आहे. ती पुसायला घेतली की मला तो एका दुपारचाच आठवतो.

लढाई संपली होती. भाऊ दारात उभा राहिला, वाळलेला, काळवंडलेला, पण धडधाकट. टोपीच्या पट्टीवर आता जहाजाचं नाव आलं होतं. बायका मला ते वाचायला लावू लागल्या. मी सांगून टाकलं, "सीना."

"आपली सीना नदी?" एक म्हातारी म्हणाली. "उन्हाळ्यात तिच्यात धुन्यापुरतं पानी नसतं."

सगळी गल्ली हसली. त्याला यातलं काही ऐकू गेलं नाही. त्याने भावाच्या छातीवर पेराने टकटक केली, डावा कान टेकवला आणि तो तसाच उभा राहिला. आम्ही निकालाची वाट पाहत होतो. त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं.

मग मीच त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं, "वाजतंय बराबर."