कॅप्टनच्या कबरीपर्यंत

शनिवारी सकाळी जर्मनीतल्या आमच्या हेर्त्सोगेनआउराख गावाहून बस पकडली ती नुसती भटकायला. आठवडाभर ऑफिसात बुटांच्या तळव्यांच्या चाचण्या बघून डोकं भणभणलं होतं. बाहेर पिवळीधमक शेतं, लाल कौलांची गावं. बाई, किती नीटनेटकं ते सगळं! शेजारी एक उंच, काळे, थकलेले आजोबा येऊन बसले. इथे बसमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही, पण मला कुठलं गप्प बसवतंय!

"कुठे निघालात?" मी इंग्रजीत विचारलं.

"एका कॅप्टनला भेटायला."

आजोबांचं नाव आयझॅक, अमेरिकेहून आलेले. तिकडे यादवी युद्ध पेटलं तेव्हा इथल्याच एका गावचा जर्मन माणूस काळ्या सैनिकांच्या तुकडीचा कॅप्टन झाला होता. आयझॅकचे खापरपणजोबा त्याच्या तुकडीत होते. ते लढाईत पडले आणि बाकीच्यांबरोबर एकाच खड्ड्यात पुरले गेले. दगड नाही की नाव नाही. युद्ध संपल्यावर कॅप्टन स्वतः त्यांच्या आईच्या झोपडीशी आला, टोपी काढून दारात उभा राहिला आणि ढसाढसा रडला.

"आमच्या दारात टोपी काढणारा तो पहिला गोरा माणूस," आजोबा म्हणाले. म्हातारपणी कॅप्टन मायदेशी परतला आणि इथेच वारला. आपल्यापैकी कुणीतरी जाऊन त्याच्यासमोर टोपी काढावी, असं त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या बोललं जायचं. "आता मीच उरलोय. हृदयाचं दुखणं आहे, डॉक्टर नको म्हणत होते. तरी आलो."

मग मीही दुभाषी म्हणून त्यांच्याबरोबर उतरले. कोपऱ्यावरच्या बेकरीत बटर लावलेली ब्रेत्सेल (वेटोळ्याचा खारा पाव) घेतली, पण आजोबांनी आपली कागदात गुंडाळून खिशात ठेवली. चढण चढून फ्रीडहोफला (कबरस्तानात) पोचलो. तिथल्या राखणदार बाई झारीने फुलांना पाणी घालत होत्या. मी कॅप्टनचं नाव सांगितलं.

"हो, हो, तो अमेरिकेतला. पण... ती कबर आता नाही."

इथे कबरीची जागा मुदतीवर मिळते. घरच्यांनी मुदत वाढवली नाही, तर दगड काढून जागा दुसऱ्याला देतात. इतकी वर्षं इथे राहून मला हे ठाऊक नव्हतं. आमचं इथे कोण पुरलंय! आता हे त्यांना मी सांगायचं? पण सांगितलं.

"नातेवाइकांपैकी कुणी आलंच नाही," बाई हळूच म्हणाल्या. तेही सांगितलं.

"आम्ही होतो ना," आजोबा म्हणाले. "आम्हाला कुणी विचारलं नाही."

त्या जागी कुण्या भलत्याच कुटुंबाचा नवाकोरा दगड होता. आजोबांनी त्याच्यासमोरच टोपी काढली. बाईंनी झारी खाली ठेवली आणि त्याही उभ्या राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

परतीच्या बसमध्ये आजोबांनी टोपी मांडीवर ठेवली. मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे किती वर्षं ठेवतात कबर?"

"आमच्यात कबर नसतेच. दहन करतात, अस्थी नदीत सोडतात."

"मग रडायला कुठे जाता?"

बाबा गेले तेव्हा कोरोनामुळे विमानं बंद होती. त्यांचे अंत्यसंस्कार मी इथल्या स्वयंपाकघरात उभी राहून फोनवर पाहिले आणि सोमवारी कामावर गेले. उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि हुंदकाच फुटला. आजोबांनी माझा हात धरून ठेवला. हेर्त्सोगेनआउराख आलं, तरी मला उठवेना.