व्हाळावयल्याचं मरण

“अगो वयनी, पुस्तकातलो तो! पुस्तकात मेलो म्हणान खराखुरो मरता काय?”

“नाव तर तेचाच घातलंस.”

“नाव खय घातलंय? व्हाळावयलो इतक्यांच लिवलंय.”

“मग आमी तेका दुसरा काय म्हणताव गो?”

कान आणि खांदा यांच्यामध्ये फोन दाबून रत्नप्रभा शिलाई मशीनवर वाकलेली. सुईखाली वकिलाचा काळा गाऊन, मांडीवर त्याची सुटी बाही. पलीकडे, गावच्या पडवीत, मोठी जाऊ सोनूबाई तोफ डागत बसलेली.

त्यांच्या गावात घरामागच्या व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, एक राखणदार आहे. एक दगड, त्यावर रानवेली, मूर्ती-बिर्ती काही नाही. वर्षाला एक कोंबडा आणि भाताचा मुटका, एवढ्यावर तो अख्ख्या वाडीची गुरं-पोरं सांभाळतो. त्याचं नाव कुणी घेत नाही. व्हाळावयलो म्हणायचं आणि हात जोडायचे. रत्नप्रभानं अद्भुत कादंबऱ्यांची मालिका लिहायला घेतली तेव्हा तिला वाटलं, हे नाव थोडंच आहे, ही तर जागा झाली. उचलला आणि घातला पुस्तकात. आणि चौथ्या भागाच्या शेवटी, खाऱ्या पाण्याची राणी खाडीतून शेतात चढत येते तेव्हा, गाव वाचवता वाचवता त्याला मारून टाकला.

पुस्तक बाहेर आलं, आणि तिकडे मोठा दीर त्याच व्हाळात शेवाळावरून घसरला. पाय मोडला. घरच्यांनी देवळात कौल लावला. कौलात निघालं, राखणदार उपाशी आहे.

“तेका जिवंत कर,” सोनूबाई म्हणाली. “तुजा पुस्तक, तूच छापतंस. मोबायलात बदलूचा तर असा.” आणि फोन आपटला.

तेही खोटं नव्हतं. रत्नप्रभाला प्रकाशक नाही. पहिला भाग घेऊन ती एकाकडे गेली होती. त्यानं चहा पाजला आणि म्हणाला, बाई, तुमच्या अनुभवाचं लिहा, कष्टकरी स्त्रीचं जगणं वगैरे. तिला राग नाही आला, कंटाळा आला. कष्ट दिवसभर करतेच, ते परत बसून लिहायचे कशाला? तेव्हापासून सगळं स्वतःच. वसाहतीतली नीलम कव्हर काढून देते, कुणी मागवलं तर तेवढीच प्रत छापून निघते. वाचक मोजकेच, पण बोलायला मोकळे. एकानं दोन तारे देऊन विचारलं होतं, ड्रॅगन कुठेत? मराठीत राणी सुसरीवरून का फिरते?

दिंडोशीचं कोर्ट तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. वकिलांचे गाऊन शिवता शिवता तिची अर्धी हयात गेली. मशीन चालू असताना वाक्य जुळतं. जुळलं की पाय उचलायचा, बोटांना चिकटलेले काळे धागे पदराला पुसायचे आणि अंगठ्यानं मोबाईलवर उतरवायचं. खांद्याच्या चुण्या घालताना भांडणं सुचत नाहीत, प्रवास सुचतात. भांडणासाठी वकिलांच्या गळ्यातल्या पांढऱ्या बँडना इस्त्री करावी लागते. तिच्या पुस्तकातलं रान निम्मं गावचं, निम्मं आरे कॉलनीतलं. नवरा धोंडू तिथून बस चालवायचा. लग्नानंतर गावासाठी जीव कासावीस झाला की ती त्याच्या पाठीमागच्या सीटवर बसून एक फेरी मारून यायची.

आणि दुपारी, प्रकरण झालं की, फोनवरून सोनूबाईला वाचून दाखवायचं. सोनूबाईला बारीक अक्षर दिसत नाही. ती पडवीत आडवी होऊन फोन छातीवर ठेवते आणि वाक्यागणिक हुंकार देते. कुठे पटलं नाही की म्हणते, “खोटां!” तिथे रत्नप्रभा निमूट खोडते. चार भाग असेच झाले. फक्त हे मरणाचं प्रकरण तिनं वाचलं नव्हतं. माहीत होतं, वयनी मारू द्यायची नाही. गुपचूप छापलं. सोनूबाईचा सर्वेश सुट्टीला घरी गेला, त्यानं आईला पुस्तक वाचून दाखवलं, आणि वाट लागली.

“कर गो जिवंत,” धोंडू पेपरातून डोकं न काढता म्हणाला. “तुका काय, एक ओळ. माजो भाव थय लंगडता.”

“तुमी बस डेपोत लावल्यार परत मागे हाडतास?”

“व्हयी तर हाडतंय. रिव्हर्स गियर कित्याक दिल्यानी?”

तिनं फाइल उघडली. ‘त्यानं डोळे उघडले’ असं घातलं. वाचलं. बाही उलटी जोडली गेल्यासारखं दिसत होतं सगळं. उसवून टाकलं.

मग नुसती बसून राहिली. पाठ दुखत होती, डोळ्यांपुढे काळं कापड नसतानाही काळं दिसत होतं. चार भाग लिहून माणूस मिळवतो काय, तर दोन तारे आणि जावेच्या शिव्या. पाचवा अजून बाकी. तो ऐकायला सोनूबाई नसेल तर आपल्यानं लिहवणार नाही, हे तिला पक्कं कळत होतं. पाचव्या भागातलं एक वाक्यही त्या दिवशी जुळलं नाही. गाऊन मात्र बाही सोडून शिवून झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, नेहमीच्या वेळी, तिनं फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

“फोन ठेव नको, वयनी. ता प्रकरण वाचतंय, आयक.”

“माका नको.”

पण फोन ठेवला नाही. रत्नप्रभानं सुरुवात केली. राणी, खारं पाणी, बुडालेली शेतं, एकट्यानं बांध अडवून उभा राहिलेला व्हाळावयलो. एकही हुंकार नाही. पलीकडे कावळा तेवढा ओरडत होता. तिनं शेवटपर्यंत वाचलं.

“उपाशी धाडलंस गो तेका,” सोनूबाई म्हणाली.

“काय?”

“लढूक निघालो तेवां कोणी मुटको दिल्यान? कोंबो दिल्यान? गाव वाचलो आणि लोक आपापल्या घरात शिरले, असां लिवलंस. मेलो ता मेलो. लढाईत मरतत. पण जेवल्याशिवाय?”

रत्नप्रभानं ते पान वर-खाली केलं. खरंच होतं. चार भागांत राणीला सतरा दागिने घातले होते. राखणदाराला एकदाही जेवू घातलं नव्हतं.

“पाचव्यात गाववाल्यांका उपरती होयत,” ती म्हणाली. “मुटको घेवन व्हाळार येतत, गाऱ्हाणां घालतत. चालात?”

“गाऱ्हाणां तुका जमाचा नाय. मी सांगतंय, तू लिव.” सोनूबाईनं घसा खाकरला. “बा व्हाळावयल्या महाराजा, तुजी लेकरां चुकली रे...”

“व्हय महाराजा,” रत्नप्रभा सवयीनं म्हणाली.

“तू लढलंस, आमी दार लावन जेवलो...”

“व्हय महाराजा,” पेपरामागून धोंडूही म्हणाला.

गाऱ्हाणं संपलं. अंगठा दुखेपर्यंत रत्नप्रभानं उतरवलं होतं.

“आणि माका न वाचता छापलंस ता?”

“चुकलंय, वयनी.”

“चुकलंसच. आता पुस्तकातल्या मुटक्यान ह्यांचो पाय बरो होवचो नाय. गावाक येशीत तेवां खरो कोंबो दी.” मग ती म्हणाली, “उद्या येळेवर फोन कर. माका झोप येता.”

फोन बंद झाला. दारावर टकटक. वकील यव्होन बाहेर घामाघूम उभी.

“रत्नाताई, माझा गाऊन झाला ना? संध्याकाळी हवाय यार.”

“बाही ऱ्हवली. बस तू, पाणी पी.”

तिनं चष्मा पुसला, बाही सुलट आहे ना ते दोनदा पाहिलं, आणि मशीनच्या पेडलवर पाय ठेवला.