तिसरी वाटी

समोरच्याला जे ऐकायचं असतं तेच माझ्या तोंडातून निघतं. ही खोड लहानपणापासूनची. धावड्याला आमच्या घरी तिचं कौतुक व्हायचं, पोरगा कसा गोड बोलतो म्हणून. राजूरला आलो तेव्हा तिची किंमत कळली, आणि ती दुसऱ्याच कुणाला तरी मोजावी लागली.

हैदराबाद संस्थान जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. मी राजूरला गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. दवाखाना म्हणजे एक खोली, एक कपाट आणि बाहेर जनावर बांधायचा खोडा. डॉक्टरसाहेब भोकरदनहून आठवड्यातून एकदा यायचे. नोकरी कच्ची होती, आणि ती शेटजींच्या शब्दावर मिळाली होती. राहायची खोलीही त्यांच्याच वाड्याच्या अंगणात, फुकट. शेटजी मारवाडी जैन, तीन पिढ्यांपासून गावात कापडाचं दुकान. घरात त्यांची आई, तिला सगळं गाव काकी म्हणायचं, बायको आणि दोन वर्षांची मुलगी. बायकोचं माहेर लांब मारवाडात. भाऊ राखीला येऊ शकत नाही म्हणून तिने पहिल्याच वर्षी मला राखी बांधली. तेव्हापासून मी तिला ताई म्हणायचो.

मुलीच्या वेळच्या बाळंतपणात ताईला ताप आला होता. जालन्याच्या डॉक्टरांनी पेनिसिलीन टोचलं आणि तिचं सगळं अंग सुजलं. हे औषध पुन्हा कधी घेऊ नका, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद तिने मला दाखवला होता. औषधातला माणूस म्हणून विश्वासाने.

त्या उन्हाळ्यात शेटजींच्या म्हशीला दगडी झाली. कास लाकडासारखी घट्ट, दुधात गाठी. डॉक्टरसाहेबांनी पेनिसिलीनच्या ट्यूबा दिल्या. रोज एक, सडातून आत सोडायची. जाताना बजावलं, "शेवटच्या ट्यूबनंतर तीन दिवस दूध फेकायला सांग." मी काकीला सांगायला गेलो. काकी चुलीपुढे बसली होती. त्या घरात पाणीसुद्धा गाळून प्यायचे आणि दुधाचा थेंब वाया जाऊ द्यायचे नाहीत.

"फेकायचं? म्हशीचं दूध?" काकी म्हणाली. "उकळून घेतलं तर न्हाई का चालत?"

तिला काय ऐकायचं होतं ते मला बरोबर कळलं.

"चालतंय की," मी म्हणालो.

दोन दिवस झाले, त्या घरात दही लागेना. सकाळी भांडं उघडावं तर दूध जसंच्या तसं पातळ. सुनेने शिवताशिवत केली असणार, असं काकीने ठरवून टाकलं. ताईने मुकाट्याने ऐकून घेतलं. दूध साठलेलं, ते फुकट जायला नको म्हणून तिने गावातल्या दुकानदाराने जालन्याहून आणून दिलेली चिनी गवताची पुडी काढली. हे पांढरे, कागदासारखे तुकडे पाण्यात शिजवून दुधात घातले की दूध आपोआप गोठतं. त्याला विरजण लागत नाही. साखर, वेलदोडा घालून तिने थाळीभर वड्या पाडल्या. एरवी दुधाला तोंड न लावणाऱ्या ताईनेही त्या खाल्ल्या. मलाही दोन मिळाल्या. थंडगार, छान लागल्या.

तासाभरात ताईच्या अंगावर गांधी उठल्या. ओठ सुजले, डोळे मिटले, श्वास लागला. बाकी कुणाला काहीच झालं नाही. शेटजींनी गाडी जोडून तिला भोकरदनला नेलं. दोन दिवसांनी ती परत आली तोवर घरात निकाल लागून गेला होता. पुडी आणणाऱ्या दुकानदाराने सांगितलं होतं, की चिनी गवत म्हणजे गवत नव्हेच, समुद्रातलं शेवाळ.

"शेवाळ म्हंजे अनंत जीव," काकी अंगणात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "ते हिनं शिजवलं, आम्हाला खाऊ घातलं. जिनं केलं तिलाच भोवलं. मंग? हिला पीहरला, माहेरी धाडा. पोरगी इथंच ऱ्हाईल."

ताईला भोकरदनला नेलं त्याच दिवशी मला जालन्याच्या डॉक्टरांचा तो कागद आठवला होता. पण मी स्वतःला सांगितलं, आधी खात्री करू. भित्र्या माणसाला खात्री फार आवडते.

चिनी गवताचे काही तुकडे उरले होते. ते मी थंड पाण्यात भिजवून वाटले. शिजवले असते तर त्यांनीच दूध गोठवलं असतं आणि काही कळलं नसतं. शेजारच्या कुणब्याच्या घरून चांगलं दूध आणि विरजण आणलं. पहिल्या वाटीत नुसतं चांगलं दूध. दुसरीत तेच दूध आणि वाटलेलं शेवाळ. तिसरीत शेटजींच्या म्हशीचं त्या दिवशीचं दूध. तिन्हींत सारखंच विरजण घातलं. पेनिसिलीन विरजणातले जंतूही मारतं, म्हणून ज्यात औषध असेल त्यात दही लागणार नाही, एवढं मला आता कळत होतं.

सकाळी पहिली वाटी कलती केली, दही हललं नाही. दुसरी कलती केली, तेही घट्ट. शेवाळ निर्दोष होतं. तिसरी कलती केली आणि दूध माझ्या बोटांवरून खाली सांडलं.

ते मी मोरीत ओतून दिलं. वाटी घासून पालथी घातली आणि उरलेल्या दोन घेऊन काकीकडे गेलो.

"काकी, गवतात काही न्हाई. बघा, दही लागलंय."

"दही लागलं म्हणून पाप धुवून निघत न्हाई," काकी म्हणाली. ती दोन वाट्यांकडे बघत राहिली होती. तिसरीचं तिला काय माहीत? मी तिथून निघालो आणि खोलीत येऊन बसलो. आपण ताईची बाजू तर घेतली, असं मनाशी म्हणालोसुद्धा. इतकी लाज मला आयुष्यात परत कधी वाटली नाही.

आठ दिवस गेले. मी रोज ठरवायचो, आज बोलू. खोली जाईल, नोकरी जाईल, धावड्याला काय तोंड दाखवू, असं करत संध्याकाळ व्हायची.

नवव्या दिवशी सकाळी गाडी जुंपली. ट्रंक वर चढली. शेटजी ताईला जालन्याहून रेल्वेने माहेरापर्यंत पोचवणार होते. मुलगी काकीच्या कडेवर होती, आईकडे झेपावत होती आणि काकी तिला घट्ट धरत होती. ताई पदर पुढे ओढून गाडीत बसली. तिने एकदाच माझ्याकडे पाहिलं.

"गाडी थांबवा," मी म्हणालो. "दुधात औषध व्हतं. मीच म्हशीला दिलेलं. फेकायला सांगितलं व्हतं साहेबांनी. मी चालतंय म्हणालो."

शेटजींनी ट्रंक उतरवली. काकी माझ्याकडे पाहत म्हणाली, "फेका म्हणला असता तर फेकलं असतं की!" मग तिने मुलीला खाली सोडलं.

महिनाअखेरीस मी खोली सोडली. नोकरी राहिली, का राहिली ते शेटजींनाच ठाऊक. मी देवळाच्या बाजूला एका खोलीत राहायला गेलो. राखीपुनवेला माझ्याकडे कुणी येईल असं वाटलं नव्हतं. दुपारी ताई मुलीला घेऊन आली. तिने राखी बांधली आणि पदराखालून एक झाकलेली वाटी काढली.

"आपल्याच म्हशीचं हाय. बघा कलतं करून."

मी वाटी कलती केली. दही हललं नाही.

"तुम्ही चालतंय म्हणला ना, तवा मी आतल्या दाराशीच व्हते," ती म्हणाली. "समदं ऐकलं व्हतं. भोकरदनला डोळे उघडले तवा उमगलं, दुधातच त्ये औषध व्हतं."

"मंग बोलली का न्हाई, ताई?"

"बोलले असते तर तुमची खोली गेली असती." ती मुलीचं झबलं नीट करत होती. "मला वाटलं, भाऊ हाय. आज बोलतील, उद्या बोलतील."