बारीक आवाज

स्पिरिटचा वास आला की पुंडलिकनगरातला तो दवाखाना आठवतो. सुनेच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, हाकेला वडील ओ देत नाहीत, म्हणून चिडून मी त्यांना तिथं नेलं होतं. "ढोंग आहे सगळं. माझं बोलणं बरं ऐकू येतं यांना," मी सिस्टरला म्हणालो. तिनं त्यांच्या पाठीमागं उभं राहून बारीक आवाजात गाव विचारलं, ते गप्प. मग जाड आवाजात विचारलं. "देवगाव रंगारी," ते लगेच म्हणाले. सिस्टर माझ्याकडं वळली. "वयानं बायकांसारखे बारीक आवाज आधी ऐकू येईनासे होतात. याला ढोंग म्हणत नाहीत." वडील उठले. "राहू द्या बाई, उद्या गावाकडंच जातो. तिथं समदे मोठ्यानं बोलतेत." मी अडवलं नाही, त्यांची पिशवी मी सकाळीच भरून ठेवली होती. ते आपणहून गेले, असंच आजवर सगळ्यांना सांगत आलो.