बाईंचा आवाज बसला

गुणमाला चौगुले यांचं माहेर सांगलीजवळच्या मळ्यातलं. उसाच्या फडापलीकडच्या चुलत्यांना जेवायला हाक मारायचं काम लहानपणी त्यांच्याकडं असे. गळा तिथंच तयार झाला. पुढं त्या कडेगाव तालुक्यातल्या एका छोट्या शाळेत पहिलीच्या बाई झाल्या. त्या वर्गात 'अ' म्हणाल्या की रस्त्यावर चहा पिणाराही 'आ' म्हणतो, अशी मुख्याध्यापक मिलिंद सर त्यांची थट्टा करत.

मागच्या हिवाळ्यात गॅदरिंगसाठी लेझीम बसवताना, "डावा पाय, ऋषिराज, डावा!" असं ओरडून ओरडून बाईंचा गळा पार गेला. दुसऱ्या दिवशी तोंड उघडलं तर नुसती हवा. सरांनी वर्गात येऊन बजावलं, "आज दंगा करायचा नाही. बाईंचा आवाज बसलाय."

"कुठं बसलाय, सर?" ऋषिराजनं विचारलं.

सर हसू दाबत निघून गेले. पोरांनी मग कपाटामागं, दप्तरांखाली, पाण्याच्या टाकीपाशी सगळीकडं बघून घेतलं.

बाईंनी खुणेनं सगळ्यांना सतरंजीवर जवळ बसवलं आणि कुजबुजत गोष्ट सुरू केली. पोरं गुडघ्यांवर पुढं सरकली. ऐकू येईना म्हणून एकमेकांनाच गप्प करू लागली. आणि गंमत म्हणजे, मधे काही विचारायचं झालं तर तेही कुजबुजूनच विचारू लागली. बाई हळू बोलतायत म्हणजे आज हळूच बोलायचं असतं, एवढंच त्यांना कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी स्वप्नालीची आजी पारूबाई शाळेत हजर. "आवं बाई, घरात कोण आजारी न्हाई, आन पोरगी कानात येऊन भाकरी मागती. काय झालंय तरी काय?"

झाला प्रकार गावभर कळला आणि औषधं सुरू झाली. कुणी मधाची बाटली आणली, कुणी आल्याचा तुकडा. बाई जैन. त्यांनी पोरांना कुजबुजून सांगितलं, "आलं मी खात नाही रे, आणि मधही मला चालत नाही." शेवटी मिलिंद सरांनी ज्येष्ठमधाची काडी आणून दिली. बाई ती तोंडात घालणार, तेवढ्यात कानाशी बारीक आवाज आला.

"बाई, थांबा. त्यात मध हाय."

ती स्वप्नाली होती. जूनपासून वर्गात एक अक्षर न बोललेली, हजेरीलाही नुसता हात वर करणारी.

"कुठाय मध?" बाईंनी तितक्याच हळू विचारलं.

"नावात हाय की. ज्येष्ठ, मध."

बाई हसायला लागल्या. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. ते बघून स्वप्नालीलाही हसू फुटलं. बाईंनी तो शब्द फळ्यावर लिहिला आणि 'मध'खाली रेघ ओढली. मग काय! "बाई, कडेगावात गाव हाय." "आमरसात रस हाय." "ऋषिराजमधी राजा हाय," हे अर्थात ऋषिराजनंच शोधलं. तास कधी संपला कुणाला कळलं नाही.

बाईंच्या मनाला मात्र एक गोष्ट लागली. स्वप्नाली तोंड उघडू बघायची तेव्हा त्या दर वेळी "मोठ्यानं सांग!" म्हणायच्या, आणि पोरगी मिटून जायची. तिला सगळं येत होतं, फक्त हळू येत होतं.

आवाज परत आला तरी रोज थोडा वेळ कुजबुजीचा ठेवायचा, असं बाईंनी ठरवलं. यंदा जूनमध्ये नवी पहिली आली. बाईंनी सतरंजीवर बसून हळूच गोष्ट सुरू केली. कुणी वळूनही बघितलं नाही. दोघं रडत होती, एक दप्तरासकट घरी निघाला होता. शेवटी बाईंना ओरडावंच लागलं. सगळी पोरं जागच्या जागी थिजली.

शेजारच्या दुसरीच्या वर्गातून स्वप्नाली धावत दारात आली.

"भिऊ नका रं," ती चांगली खणखणीत म्हणाली. "बाई लय चांगल्या हायत्या. नुसता आवाजच मोठा हाय."