पाच झाडांपुरतं औषध

मुरबाडच्या बाजारात माझं बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. शिक्षण सातवी, बाकीचं बाटल्यांवरची लेबलं वाचून झालं. या धंद्यातले किस्से म्हणजे झाडावरचा पांढरा पिठ्या ढेकूण. पानाखाली एक दिसला की समजावं, मागे पन्नास आहेत. लोक ऐकून हसतात. मीही हसत सांगतो.

*

सिद्धगडाकडे एका बाईंचं फार्महाउस आहे. त्यांची जास्वंद चिकट झाली, मुंग्या लागल्या. बाईंनी दोनदा मुंग्यांची पावडर टाकली, मुंग्या पुन्हा हजर. मी म्हटलं, मॅडम, मुंग्या नुसत्या पाहुण्या; त्यांना गोड खाऊ घालतोय तो मावा, पानाखालची बारीक कीड. पानं उलटून बघा, पाण्याचा जोरात फवारा मारा, मग साबणाचं पातळ पाणी.

एवढ्या स्वस्त उपायावर त्यांचा विश्वास बसेना. पण पान उलटल्यावर लगेच फोन आला. "शेठ, हे सगळे जिवंत आहेत!"

मावा माणसाला चावत नाही, हे मी चारदा सांगितलं. त्या दिवसापासून बाई बागेत रेनकोट घालून जातात.

*

आमच्या पांडूदादाच्या परसातली मिरची आकसली. फुलकिडे असणार, म्हणून निंबोळी अर्क दिला. चार दिवसांनी तो काळवंडलेलं रोपच घेऊन आला. सगळी मिरची करपली होती. कंपनीने बाटलीत भरलं तरी काय? हेच औषध मी आणखी दहा जणांना दिलं होतं.

मग सुचलं, म्हणून विचारलं, पंप कुठला? तर भातात तणनाशक मारतो, तोच. न धुता.

"आत औषधच व्हतं ना शेठ. धुवायचं काय?"

*

पांडूदादाचा मेहुणा बाळू त्याच्याही वरचा. लेबलवर रंगीत खूण असते: लाल म्हणजे जहाल विष, हिरवी म्हणजे त्यातल्या त्यात सौम्य. लोकांना हिरवं म्हणजे पाणी वाटतं. बाळू लिंबावरच्या माव्यासाठी लालच मागत होता. मी दिलं नाही, त्याने दुसरीकडून आणलं.

दोन दिवसांनी त्याच्या दारावरून जाताना बघतो, तर बादलीत कोपरापर्यंत हात घालून ढवळतोय! काठी घे म्हटलं, तर म्हणे काठीनं नीट मिसळत नाय. हात पँटला पुसला आणि तंबाखू मळायला घेतली. मी धावत जाऊन चापट मारली, तंबाखू उडवली, त्याला साबणाने हात धुवायला लावला.

बाळू अजून गावभर सांगतो, "शेठला तंबाखूचा लय राग."

*

आता माझी स्वतःची चूक. सुट्टं औषध विकू नये, हा कायदाच आहे. पण पाच झाडांसाठी अख्खी बाटली कोण घेणार? लोक रिकामी बाटली घेऊन येतात, आम्ही ओतून देतो. थंडीत एका रिटायर्ड गुरुजींच्या गुलाबांवर मावा पडला. मी त्यांना कोल्ड्रिंकच्या बाटलीत औषध ओतून दिलं. चांगलंच जहाल.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी पुन्हा दारात. "शेठ, परत द्या थोडं. कालची बाटली जीपमध्येच राहिली."

मी दुकान उघडं टाकून जीपच्या स्टँडवर पळालो. ड्रायव्हर म्हणाला, सीटवर बाटली होती खरी. वैशाखरे गावची एक म्हातारी शेजारी बसली होती, तिचीच वाटून त्याने तिच्या पिशवीत टाकली.

वैशाखऱ्यापर्यंत मोटरसायकल कशी चालवली, मला आठवत नाही. डोळ्यांपुढे एकच दिसत होतं: कुणीतरी झाकण उघडतंय.

म्हातारी ओट्यावर बसली होती. बाटली शेजारी, रिकामी.

"आजी, यातलं कोण प्यालं?"

"प्यायला काय आमी येडे? वास आला, औषध हाय ते कळलं. आमच्या वालावर मावा व्हता, सकाळीच मारलं."

मी तिथेच खाली बसलो. हात जोडले, कुणाला ते ठाऊक नाही. आजीला माझी दया आली.

"दमलाव व्हय? चला, जेवा. वालाच्या शेंगांची भाजी हाय. मघाशीच येलावरनं तोडल्यात. सगळ्यांची पानं वाढलीत, तुमी पन बसा."

कुणी पहिला घास घ्यायच्या आत मी चपलांसकट आत घुसलो.