उंबऱ्याबाहेरचा बाठा

वहिनींनी कुत्र्याला घरात घेतलं नाही. शेवटपर्यंत नाही.

त्यांना जाऊन आज वर्ष झालं.

आमच्या घरात आम्ही दोघंच. थोरल्या भावाच्या मागे वहिनी आणि मी, त्यांचा बिनलग्नाचा दीर. पुतण्या सुहास पनवेलला. आरे-वारेच्या रस्त्यावर बिबट्या दिसल्याचं ऐकून त्याने ऐन आंब्याच्या दिवसांत एक पिल्लू आणून सोडलं.

"आई, राखणीला असू दे."

"राखण तो माझी करणार की मी त्याची?"

पिल्लाने आल्या आल्या चोखून टाकलेला आंब्याचा बाठा पळवला आणि पडवीत बसून चघळला. नाव तिथेच पडलं. बाठा.

आता खरी अडचण सांगतो.

वहिनी आंब्याची साठं घालायच्या. तूप लावलेल्या ताटांत रस ओतायचा, दारासमोरच्या खळ्यात उन्हात वाळवायचा, वरून परत रस. पर्यटक गाडी थांबवून न्यायचे, मुंबईच्या ऑर्डरी वेगळ्या.

"एका साठात केस निघाला ना भाऊजी, की पुढच्या वर्षी कुत्रंसुद्धा विचारणार नाही मला."

दिवसा साठं खळ्यात. म्हणून बाठा मागच्या न्हाणीपाशी बांधलेला.

संध्याकाळी ताटं उचलून माजघरात. म्हणून बाठा खळ्यात.

म्हणजे बिबट्या ज्या वेळेला फिरतो, नेमका त्याच वेळेला कुत्रा बाहेर. असा आमचा बंदोबस्त.

सुहासचा रोज फोन. "काका, तुम्ही सांगा ना तिला. आत घे म्हणावं."

फोन ठेवला की वहिनी. "काय म्हणतो? त्याला म्हणावं, तुझ्या फ्लॅटात घाल साठं आणि ठेव कुत्रा."

अडकित्त्यात सुपारी सापडावी तसा मी. जन्मभर ज्या हातचं जेवलो, त्या हातासमोर कुत्र्याची वकिली कशी करायची? आणि पिल्लू तर संध्याकाळ झाली की माझ्याच तोंडाकडे बघायचं.

सुहासची मुलगी व्हिडिओ कॉल करायची.

"आजी, बाठा आत झोपतो ना?"

"हो गो बाय, आतच."

फोन धरायला मी. पडवीची भिंत तेवढी दिसेल, खळं दिसणार नाही, असा धरायचा. या वयात कॅमेऱ्याची खोटी कामं शिकलो.

मग एका सकाळी कळलं, वरच्या वाडीतला कुत्रा गेला. साखळी तेवढी राहिली होती.

त्या दिवशी ताटं उलथताना वहिनींच्या हातून एक साठ फाटलं. असं कधी व्हायचं नाही.

दुसऱ्या दिवशी वेल्डर बोलावून पडवीला ग्रील लावून घेतली. ना आत ना बाहेर. मला वाटलं, सुटलो.

कसलं काय. ग्रीलच्या आत एकटा बाठा जो रडायला लागला, तो रडतच राहिला. आपण आत, तो गजांमागे. आम्ही दोघं आपापल्या खोलीत डोळे उघडे ठेवून पडलेलो आणि दोघांनाही माहीत, की दुसरा जागा आहे. कुणी उठायचं, हाच प्रश्न. मी उठलो तर वहिनींचा शब्द मोडणार. त्या उठल्या तर त्यांचा त्यांनीच.

सकाळी त्यांनी आपली खाट पडवीत ओढली.

"वहिनी, हे काय?"

"तो आत येणार नाही म्हटलं होतं. मी बाहेर जाणार नाही, असं कुठे म्हटलं?"

माजघरात पंख्याखाली साठं, आणि घराची मालकीण ग्रीलमध्ये कुत्र्याशेजारी.

पाऊस आला. साठं डब्यात बंद झाली, केसाचं कारण संपलं. सुहास म्हणाला, "आई, आता तरी घे त्याला."

त्यांनी ग्रीलला ताडपत्री बांधून घेतली. म्हणाल्या, "आत उकडतं मला."

आषाढात.

मी मिरकरवाड्याच्या बंदरावरून बांगडे आणायचो. डोकी त्याची. ती त्या स्वतः निवडून द्यायच्या, आणि वर दम. "मेल्या, उंबऱ्याला नाक लावायचं नाही हं." तो खरंच लावायचा नाही.

रोज दिवेलागणीला ग्रीलकडे बघत एकच प्रश्न. "भाऊजी, कडी लावलीत?"

गेल्या वर्षी त्यांना छातीत दुखायला लागलं. गाडीत बसवताना माझा हात धरून म्हणाल्या, "कडी लावा आधी. तो मागे पळत येईल."

मी कडी लावून आलो. त्या परत आल्या त्या बोलत नव्हत्या.

दिवसकार्य झाल्यावर सुहासने दार सताड उघडं टाकलं. "ये रे बाठा." बिस्किट दाखवलं, बांगडा दाखवला. बाठाने उंबऱ्यापर्यंत येऊन मान लांब केली, पाय मात्र उचलला नाही. पोरगी रडायला लागली, तरी नाही.

सुहास म्हणतो, "काका, तुम्ही दोघं पनवेलला चला." सातवा मजला. तिथे सगळं आतच आहे, बाहेर असं काही नाहीच. जो उंबरा ओलांडत नाही त्याला लिफ्टमध्ये कसा घालू? आणि त्याला इथे टाकून मी कसा जाऊ?

तेव्हा आम्ही इथेच. पडवीतल्या त्या खाटेवर आता मी झोपतो. पाठ धरते. पण आत गेलो की तो रडतो, आणि न रडला तरी मला झोप लागत नाही.

वहिनी, यंदा मे महिन्यात मी साठं घातली. दोनच ताटं. साखर कमी पडली, एक कडेला चिकटलं. तुम्ही नावं ठेवली असती. विकायची नव्हतीच.

संध्याकाळी ताटं आत नेऊन पंख्याखाली ठेवली आणि दार ओढून घेतलं. कोणी विचारलं, दोघं बाहेर का झोपता, तर सांगायला काही तरी हवं ना.

श्रद्धांजली लिहायला मला जमत नाही. तुम्ही जे विचारायचात, तेवढंच सांगतो.

कडी लावली आहे, वहिनी.